वकीलपत्रावर सही होण्यापूर्वी

वाचकाचे पत्र

महोदय,
मी सातारा येथे वकिली करते. काही वर्षे एका ज्येष्ठ वकिलांकडे काम केल्यानंतर मी आणि माझ्या महाविद्यालयातील मैत्रिणीने न्यायालयाजवळ गाळा भाड्याने घेऊन स्वतःची फर्म सुरू केली. उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच (फिरते खंडपीठ) कोल्हापूरला सुरू झाले, त्याच सुमारास आम्ही पाटी लावली. मी दिवाणी आणि महसुली कामे पाहते, ती कौटुंबिक आणि फौजदारी. पहिले वर्ष संपले आहे. कामे पुष्कळ आली, परंतु येणे फी मोठी आहे आणि बँकेत काही उरलेले नाही. एकदा तर कोर्ट फीसाठी आलेली रक्कम गाळ्याच्या भाड्यात गेली आणि दावा दाखल करताना आम्हाला उसनवारी करावी लागली. एका पक्षकाराकडे पंचेचाळीस हजार रुपये थकले आहेत. तो आता दुसरा वकील करत आहे आणि कागदपत्रे परत मागतो आहे. फी मिळेपर्यंत फाइल देऊ नये, असे माझ्या मैत्रिणीचे म्हणणे आहे. नफा निम्मा-निम्मा वाटायचा, असे आमचे तोंडी ठरले होते. फौजदारी कामांचे पैसे आधी येत असल्याने तिच्या मते हे वाटप अन्यायाचे आहे. जमीन व्यवहारातील एक एजंट फीच्या वीस टक्क्यांवर नियमित कामे देऊ म्हणतो. आमची ज्युनिअर मुलगी गेल्या महिन्यात सोडून गेली. फर्म बंद करून पुन्हा आपापली वकिली करावी का, हा आमच्यासमोरचा प्रश्न आहे. आपण काय सुचवाल?
एक वाचक, सातारा

उत्तर

आपल्या प्रश्नांपैकी फाइलचा प्रश्न आधी घेतो, कारण तो थांबू शकत नाही. कागदपत्रे आजच परत करावीत. थकलेल्या फीपोटी पक्षकाराची कागदपत्रे अडवून ठेवण्याचा हक्क वकिलाला नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये आर. डी. सक्सेना विरुद्ध बलराम प्रसाद शर्मा या प्रकरणात स्पष्ट केले आहे. त्या प्रकरणातील वकील एका सहकारी बँकेचे कायदा सल्लागार होते. सुमारे ९७ हजार रुपयांची फी येणे असल्याने त्यांनी बँकेच्या फाइली रोखल्या होत्या, आणि हे वर्तन अधिवक्ता अधिनियम १९६१ च्या कलम ३५ खालील व्यावसायिक गैरवर्तन ठरले. पंचेचाळीस हजारांसाठी आपण दोघींनी आपली सनद पणाला लावू नये. प्रत्येक कागदाची यादी करून तिच्यावर पक्षकाराची पोच घ्यावी आणि आवश्यक कागदांच्या झेरॉक्स आपल्याकडे ठेवाव्यात. नव्या वकिलांनी ना हरकत मागितली, तर तीही द्यावी. ती अडवून धरण्याची पद्धत काही ठिकाणी दिसते, परंतु तिचा उपयोग होत नाही, कारण आपली संमती नसली तरी नवे वकील कारणे दाखवून न्यायालयाची परवानगी मिळवू शकतात. फीची वसुली हा वेगळा विषय आहे. वकिलाला फी कराराने ठरवता येते आणि तिच्या वसुलीसाठी दावाही लावता येतो, ही तरतूद १९२६ पासून कायद्यात आहे. सविस्तर हिशेबासह नोटीस पाठवावी आणि तीन वर्षांच्या मुदतीत काय करायचे ते थंड डोक्याने ठरवावे. मात्र, लेखी काही नसताना अशा दाव्यात उलटतपासाला उभे राहणे कोणत्याही वकिलाला सुखाचे जात नाही, हे आपल्याला मी सांगायला नको.

ही वेळ का आली, याचा विचार केला तर आपल्या बाकीच्या बऱ्याच प्रश्नांचे मूळ तिथेच सापडेल. वकीलपत्र, म्हणजे पक्षकाराने वकिलाला नेमल्याचा कागद, दाखल झाले की वकिलाच्या हातातील जवळजवळ सगळी साधने संपतात. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३ नियम ४ नुसार न्यायालयाच्या परवानगीशिवाय ते वकीलपत्र संपुष्टात येत नाही. पुरेसे कारण आणि पुरेशी पूर्वसूचना असल्याखेरीज अंगावर घेतलेले काम सोडू नये, आणि सोडल्यास न केलेल्या कामाची फी परत करावी, असे बार कौन्सिल ऑफ इंडियाचे नियम सांगतात. कागदपत्रे रोखता येत नाहीत. निकालातून मिळणाऱ्या रकमेत किंवा मिळकतीत वाटा ठरवता येत नाही, कारण निकालावर अवलंबून असलेल्या फीला नियम २० ची मनाई आहे. ही सारी बंधने योग्यच आहेत, कारण पक्षकार आपल्यावर विसंबून असतो. परंतु त्यांचा व्यावहारिक अर्थ असा होतो की फी, खर्च, कामाची व्याप्ती आणि नकार यांविषयी फर्मला जे काही ठरवायचे असेल, ते वकीलपत्रावर सही होण्यापूर्वीच्या अर्ध्या तासात ठरवावे लागते. ज्येष्ठांकडे काम करताना ही बोलणी त्यांच्या दालनात, दार लावून होत असत आणि आपल्यापर्यंत थेट फाइल येत असे. त्यामुळे वकिलीतील उमेदवारीत सगळे शिकायला मिळते, एवढे मात्र सहसा मिळत नाही. पहिल्या वर्षी जी तूट येते, ती बहुतेक याच अर्ध्या तासात येते.

यापुढे प्रत्येक कामासाठी एक पानाचे फीपत्र करावे. ते मराठीत, पक्षकाराला वाचून कळेल असे असावे, आणि त्यावर त्याची व फर्मची सही असावी. दिवाणी दाव्याची एकरकमी फी कधीही सांगू नये. दावा दहा वर्षेही चालू शकतो आणि आज पुरेशी वाटणारी रक्कम दुसऱ्या वर्षाच्या तारखांतच संपते. दावा तयार करून दाखल करणे, तूर्तातूर्त मनाईचा अर्ज, मुद्दे निघाल्यापासून पुरावा संपेपर्यंतचे काम, युक्तिवाद असे टप्पे पाडावेत, प्रत्येक टप्प्याची फी लिहावी आणि ती तो टप्पा सुरू होण्यापूर्वी देय आहे, असे स्पष्ट म्हणावे. अपील आणि दरखास्त (निकालाची अंमलबजावणी) ही स्वतंत्र कामे आहेत, हे आवर्जून लिहावे. ‘वकीलसाहेब, निकाल आपल्या बाजूने लागला, आता ताबा कधी?’ असा प्रश्न येतो, तेव्हा पक्षकाराच्या समजुतीप्रमाणे ताब्यापर्यंतची फी त्याने केव्हाच दिलेली असते. कोर्ट फी, नकला, टायपिंग, समन्सचा खर्च, कोर्ट कमिशनरची फी आणि बाहेरगावचा प्रवास हे फीव्यतिरिक्त आहेत, हेही त्याच पानावर असावे. फौजदारी कामात जामीन आणि पुढील खटला यांची फी वेगळी सांगण्याची पद्धत असते. तिच्यामुळेच आपल्या मैत्रिणीकडे पैसे वेळेवर येतात आणि आपल्याकडे थकतात. फौजदारी पक्षकार अधिक प्रामाणिक असतो, असा निष्कर्ष यातून काढू नये.

फीविषयी बोलताना संकोच वाटतो, विशेषतः गावाकडचा, ओळखीतून आलेला, काका-मामा म्हणून हाक मारावी असा पक्षकार समोर असला की. अशा वेळी हिशेबाची बोलणी दोघींपैकी जी ते काम चालवणार नाही, तिने करावीत. ज्येष्ठांचे दार लावलेले असे, त्यामागचे एक कारण हेही होते.

कोर्ट फीची रक्कम भाड्यात गेल्याचे आपण एका वाक्यात लिहिले आहे. मला ती बाब थकीत फीपेक्षा कितीतरी गंभीर वाटते. पक्षकाराच्या पैशांचा हिशेब ठेवणे, आलेली रक्कम फी म्हणून आली की खर्चासाठी हे नोंदीत दाखवणे आणि त्याच्या लेखी संमतीशिवाय खर्चाची रक्कम फीकडे न वळवणे, ही बार कौन्सिलच्या नियम २५ आणि २६ ची स्पष्ट अपेक्षा आहे. त्या दिवशी उसने पैसे मिळाले म्हणून निभावले. दाव्याची मुदत त्याच दिवशी संपत असती आणि पैसे मिळाले नसते, तर पक्षकाराचा हक्क बुडाला असता आणि आपल्याकडे सांगण्यासारखे काही उरले नसते. उद्याच बँकेत दुसरे खाते उघडावे. खर्चासाठी येणारा प्रत्येक रुपया त्यात जमा व्हावा आणि त्यातून भाडे, पगार किंवा स्वतःची उचल कधीही होऊ नये. गाळ्याचे भाडे भागत नसेल, तर गाळा लहान घ्यावा.

दुसरी नोंदवही मुदतींची असावी. सुनावणीच्या तारखेची काळजी अर्धीअधिक यंत्रणाच घेते. बोर्डावर (त्या दिवशीच्या प्रकरणांच्या यादीत) प्रकरण लागते, रोजनाम्यात (न्यायालयाच्या दैनंदिन नोंदीत) पुढची तारीख येते, ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपवर प्रकरणाचा सीएनआर क्रमांक टाकला की ती दिसते आणि डायरीत चुकली तरी पक्षकार फोन करून विचारतो. मुदतीची आठवण मात्र कोणीही करून देत नाही. धनादेश न वटल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत पराक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ ची नोटीस द्यावी लागते. ती मिळाल्यावर १५ दिवसांत पैसे आले नाहीत, तर पुढील एका महिन्यात फिर्याद दाखल व्हावी लागते. फिर्यादीचा विलंब पुरेशा कारणाने माफ होऊ शकतो, नोटिशीचा होत नाही. साध्या दाव्यात कैफियतीला (प्रतिवादीच्या लेखी उत्तराला) ३० दिवस असतात आणि न्यायालय ती मुदत ९० दिवसांपर्यंत वाढवू शकते. तोच वाद ३ लाख रुपयांवरील व्यापारी स्वरूपाचा असला, तर १२० दिवसांनंतर कैफियत दाखल करण्याचा हक्कच जातो. जिल्हा न्यायालयातील दिवाणी अपिलाला ३० दिवस आणि उच्च न्यायालयातील अपिलाला ९० दिवस मिळतात. काम स्वीकारले त्याच दिवशी या तारखा वहीत चढाव्यात, प्रत्येक तारखेच्या आठ दिवस आधीची आठवण लिहावी, आणि दर सोमवारी न्यायालयात जाण्यापूर्वी ती वही दोघींनी मिळून पाहावी. एकटा वकील स्वतःच्या स्मरणशक्तीवर काही काळ निभावून नेतो. फर्ममध्ये ‘तू पाहिले असशील’ असे दोघींना एकाच वेळी वाटण्याचा धोका असतो. वकिलांच्या सेवेविरुद्ध ग्राहक आयोगात तक्रार चालणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२४ रोजी दिला, त्याचा आधार कोणी मानू नये. निष्काळजीपणाबद्दलचा दिवाणी दावा आणि बार कौन्सिलकडील तक्रार हे मार्ग खुले आहेतच.

आपण दोघी वेगवेगळी कामे पाहता, म्हणून एक सूचना विशेष आहे. सातारा, कोरेगाव, वाई हा परिसर नात्यागोत्यांचा आहे. एका भावाचा वाटपाचा दावा आपल्याकडे असताना दुसऱ्या भावाची पत्नी पोटगीसाठी आपल्या मैत्रिणीकडे येऊ शकते. एका पक्षाला सल्ला दिल्यावर त्याच वादात विरुद्ध पक्षाकडून उभे राहता येत नाही, आणि फर्म एक असल्यावर हे बंधन दोघींवर आहे, असे समजूनच वागणे शहाणपणाचे आहे. नुसता सल्ला घेऊन गेलेल्यांसह सर्वांची नावे, गावे आणि विरुद्ध पक्षाची नावे यांची एक यादी ठेवावी आणि नवीन माणसाची हकीकत ऐकण्यापूर्वी ती चाळावी. हकीकत ऐकल्यानंतर चाळून उपयोग नाही.

कामे निवडावीत की येईल ते घ्यावे, हे आपण थेट विचारलेले नाही, परंतु पत्रातून जाणवते की आपण काहीच नाकारलेले नाही. नियम ११ नुसार वकिलाने, ज्या न्यायालयात तो काम करतो तिथले प्रकरण, आपल्या योग्यतेला व प्रकरणाच्या स्वरूपाला साजेशी फी मिळत असेल तर स्वीकारावे, अशी अपेक्षा आहे. विशेष परिस्थितीत नकार देता येतो. साजेशा फीची अट त्या नियमातच आहे, याकडे लक्ष वेधावेसे वाटते. कमी फीत, अनुभव नसलेल्या क्षेत्रातले काम घेणे हे ना आपल्या हिताचे, ना पक्षकाराच्या. कोल्हापूरचा मोहही तपासून पाहावा. सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झाल्यावर कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतील वकिलांना उच्च न्यायालय अचानक जवळ आले. मुंबईला जाण्याऐवजी सव्वाशे किलोमीटरवर काम होते, म्हणून प्रत्येक अपील स्वतः चालवावेसे वाटणे स्वाभाविक आहे. पण कोल्हापूरचा एक दिवस म्हणजे साताऱ्याच्या बोर्डावरील चार-पाच तारखांना दुसऱ्याला उभे करणे होय, आणि दोघींच्या फर्ममध्ये तो ‘दुसरा’ एकच असतो. तूर्त तिथल्या जाणत्या वकिलांना काम द्यावे, त्यांची फी पक्षकाराला वेगळी सांगावी आणि सुनावणीला शक्य तेव्हा हजर राहून तिथले कामकाज शिकावे. गरिबाचे काम मोफत करायचे असेल, तर तसे ठरवून आणि तसे सांगून करावे. फी न मिळाल्याने मोफत झालेल्या कामाला समाजसेवा म्हणू नये.

आता आपल्या भागीदारीविषयी. वेगळा करार नसताना भागीदार नफ्यात समान वाटेकरी असतात, असे भारतीय भागीदारी अधिनियम १९३२ चे कलम १३ म्हणते. म्हणजे गेल्या वर्षाचा हिशेब कायद्यानेही निम्मा-निम्माच आहे, आणि त्यावर मागाहून वाद घालण्यात अर्थ नाही. पुढील वर्षासाठी मात्र आपल्या मैत्रिणीच्या तक्रारीत तथ्य आहे आणि ती ऐकून घ्यावी. जिने जेवढे आणले तेवढे तिचे, हा मार्ग मी सुचवणार नाही, कारण मग दोघी एकाच छपराखाली वेगवेगळी वकिली करू लागतात आणि तिच्या आजारपणात आपण तिची तारीख सांभाळण्याचे कारण उरत नाही. माझ्या मते प्रत्येकीने दरमहा ठरावीक मानधन घ्यावे. ते प्रथम अगदी बेताचे असावे. भाडे, पगार आणि तीन महिन्यांच्या खर्चाची गंगाजळी बाजूला काढून उरलेल्या नफ्यातील काही भाग समान आणि काही भाग ज्या कामातून फी आली ते चालवणारीला द्यावा. प्रमाण काय असावे, हे आपण दोघीच ठरवू शकता. लांब चालणाऱ्या दिवाणी कामाचे पैसे उशिरा येतात, याचा हिशेब धरून ते वर्षातून एकदा पुन्हा पाहावे. करारात एवढेच पुरेसे नाही. एखादी बाळंतपणाच्या रजेवर गेली, न्यायाधीशपदाच्या परीक्षेत उत्तीर्ण झाली किंवा गाव सोडून गेली तर चालू कामे, येणे फी, अनामत आणि दूरध्वनी क्रमांक कोणाकडे राहतील, हे आज, मने बरी असताना लिहावे. नोंदणीही करून घ्यावी, कारण कलम ६९ मुळे नोंदणी नसलेल्या संस्थेला करारातून येणाऱ्या रकमेसाठी त्रयस्थाविरुद्ध दावा लावता येत नाही. म्हणजे थकीत फीचा प्रश्न फिरून पुन्हा इथे येतो. शिवाय भागीदारी संस्थेच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के आयकर लागतो आणि भागीदारांचे मानधन वजा मिळण्यासाठी ते करारात नमूद असावे लागते, त्यामुळे करार करण्यापूर्वी चार्टर्ड अकाउंटंटशी एकदा बसावे. जीएसटीचे ओझे लहान फर्मवर फारसे नाही. सामान्य व्यक्तीला दिलेली कायदेविषयक सेवा करमुक्त आहे आणि मोठ्या व्यावसायिक पक्षकारांच्या बाबतीत कर भरण्याची जबाबदारी त्यांच्यावर असते.

एजंटला नकार द्यावा, आणि तो लेखी द्यावा. वकील नसलेल्या व्यक्तीबरोबर फी वाटून घेण्यास बार कौन्सिलच्या नियमांनी बंदी केली आहे, आणि दलालांमार्फत काम मिळवणे नियम ३६ खाली येते. अधिवक्ता अधिनियमात २०२३ च्या दुरुस्तीने न्यायालयांना दलालांच्या याद्या प्रसिद्ध करण्याचा अधिकारही मिळाला आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, वीस टक्क्यांनी येणारा पक्षकार आपला नसतो, एजंटचा असतो, आणि पुढच्या वेळी तो पंचवीस टक्के मागतो. समाजमाध्यमांवर जाहिरात करण्याचा विचार मनात आला, तर तोही याच नियमात अडतो. संकेतस्थळावर नाव, पत्ता, नोंदणी क्रमांक, शिक्षण आणि कामाची क्षेत्रे देण्याची मुभा २००८ पासून आहे, तेवढे करावे.

ज्युनिअर सोडून गेल्याचे वाईट वाटून घेऊ नये, परंतु तिला दरमहा ठरलेल्या तारखेला पैसे मिळत होते का, हे स्वतःला विचारावे. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्युनिअर वकिलांसाठी शहरी भागात किमान २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार रुपये विद्यावेतनाची शिफारस केली आहे. ती बंधनकारक नाही, पण त्या मानाने आपण कुठे आहात, हे कळते. आपल्या स्थितीत मी ज्युनिअरऐवजी आधी एक अनुभवी कारकून नेमला असता. दाव्यातील त्रुटी काढणे, नकलांचे अर्ज, समन्सचा पाठपुरावा, ई-फायलिंग ही कामे त्याच्याकडे गेली की आपले रोजचे दोन तास मोकळे होतात आणि फीपत्र लिहायला वेळ मिळतो.

राहिला फर्म बंद करण्याचा प्रश्न. काम येत आहे आणि लोक पुन्हा येत आहेत, ही पहिल्या वर्षात सर्वांत कठीण असणारी गोष्ट आपल्याकडे आहे. म्हणून मी आणखी एक वर्ष द्यावे असे म्हणेन, परंतु करार आणि नोंदणी होणार असेल तरच. दिवाळीच्या सुट्टीपूर्वी दोघींनी मसुदा तयार करावा आणि एखाद्या तिसऱ्या वकिलाला वाचायला द्यावा. मानधन आणि विभाजनाच्या कलमांवर तिथेही एकमत झाले नाही, तर ओढाताण न करता वेगळे व्हावे. तसे झाल्यास ज्या कामांत वकीलपत्रावर दोघींच्या सह्या आहेत, त्या प्रत्येक पक्षकाराला पत्र पाठवून त्याला कोणाकडे राहायचे आहे हे लेखी विचारावे, जी बाहेर पडेल तिने त्या प्रकरणात पुरसीस (लेखी निवेदन) देऊन न्यायालयाची परवानगी घ्यावी आणि खर्चाच्या खात्यातील शिल्लक पक्षकारनिहाय वेगळी करावी. अनेक कामांच्या तारखा सुट्टीनंतरच्या पहिल्या आठवड्यातच असतील, तेव्हा ही पत्रे सुट्टी लागण्याच्या किमान पंधरा दिवस आधी टपालात पडलेली असावीत.